सामंतांच्या हातातली कादंबरी

एखादी रहस्यकादंबरी हातात घ्या. खून झालेला आहे आणि संशय एका नटावर आहे, अशी. पनवेलहून सुटणाऱ्या सीएसएमटी लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली असेल तर उत्तमच. नेरूळ येईपर्यंत खून पडतो, आणि गाडी वाशीच्या खाडीपुलावर चढते तोवर नट पुरता अडकलेला असतो. आजच्या मननासाठी डोळे मिटायचे नाहीत. पुस्तक उघडंच ठेवा, फक्त पानं उलटण्याचा वेग थोडा कमी करा.

पहिलं काम सोपं आहे. नटावरचा तुमचा संशय नेमका कुठल्या पानावर बसला, ते मागे जाऊन शोधा. बहुधा ते पान असं असतं: पोलीस घरात शिरतात, मृताची बहीण कोसळते, फॅमिली डॉक्टर चष्मा काढून पुसतात आणि कोपऱ्यात उभा असलेला नट रडू लागतो. बहिणीच्या रडण्याकडे आपण दुसऱ्यांदा बघत नाही. डॉक्टरांना ‘बिचारे’ म्हणून पुढे जातो. नटाच्या डोळ्यांत पाणी आलं की मात्र आतून कोणीतरी म्हणतं, याला काय, हा रोज रात्री तिकीट लावून रडतो. बरं, तो रडला नसता तर? मग ‘बघा, कसा कोरडा ठणठणीत उभा आहे’ हे वाक्य तयारच होतं.

इथे थोडं थांबा. पुराव्याच्या नावाने तुमच्या हातात काय आहे, ते बघा. हत्यार? वेळ? पैशाचा व्यवहार? की फक्त त्याचा धंदा?

कादंबरीकारांना आपली ही खोड चांगली ठाऊक असते. अगाथा ख्रिस्तीच्या १९३३च्या ‘लॉर्ड एजवेअर डाइज’ या कादंबरीत जेन विल्किन्सन नावाची देखणी नटी आहे. आपल्याला नवरा नको झालाय, हे ती चारचौघांत सांगत फिरते. नवऱ्याचा खून होतो. त्या रात्री तिचं नाव सांगणारी एक बाई त्याच्या घरी येऊन गेलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी जेन एका मेजवानीत डझनभर पाहुण्यांसोबत जेवत असते. त्यातच लंडनमध्ये दुसरी एक कलावती आहे, जी कुणाचीही हुबेहूब नक्कल करते. उत्तर सांगत नाही, रहस्यकथेचा शेवट फोडणाऱ्याला माफी नसते. पण ती वाचताना स्वतःकडे लक्ष ठेवून बघा. नाटकवाली माणसं म्हणजे मुळातच बनवणारी, हे गृहीत तुम्ही लेखिकेने काही सांगायच्या आधीच धरलेलं असतं. तिचं निम्मं काम तुम्हीच करून दिलेलं असतं.

आपल्याकडे ही सवय आणखी पक्की झाली ती वेषांतरामुळे. गिरगावात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड यांच्यावर महाराष्ट्राच्या दोन पिढ्या वाढल्या. दाढीमिशी लावली, फेटा बांधला की माणूस बदलतो आणि जो बदलतो तो काहीतरी लपवतो, हे आपण शाळेच्या दप्तरात पुस्तक दडवून शिकलो.

आता पुस्तक क्षणभर बाजूला ठेवा आणि १९६२ साली रंगमंचावर आलेलं आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ आठवा. पाहिलं नसेल तरी घरात कुणीतरी त्यातला लखोबा लोखंडे करून दाखवलेला असेल. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा. साक्षीदार येतात, फिरता रंगमंच फिरतो आणि तोच माणूस कधी दिवाकर दातार होतो, कधी कॅप्टन अशोक परांजपे, कधी राधेश्याम महाराज. अशा पाच भूमिका एकटे प्रभाकर पणशीकर करत. हळूच एक गोष्ट तपासा. रंगमंच फिरायला लागणाऱ्या तेवढ्या वेळात पणशीकर पोशाख, आवाज, चाल बदलून आले की प्रेक्षागृहात टाळ्या पडत. त्याच बदलाबद्दल लखोबाला मात्र शिक्षा व्हावी असं त्याच प्रेक्षकांना वाटत असे. कृती एक, शरीर एक, वेळही एकच. टाळी कुठे संपते आणि शिक्षा कुठे सुरू होते? लखोबा समोरच्याला न सांगता वेष बदलतो. पणशीकर आपल्याला सांगून बदलत होते, म्हणून तर आपण तिकीट काढलं होतं. नटाइतका उघडपणे खोटं बोलणारा माणूस दुसरा नसेल. जाहिरात देऊन, वेळ कळवून, तिसरी घंटा वाजवून तो खोटं बोलतो.

आणि तरी लोक विसरतात. निळूभाऊ फुल्यांना गावोगावच्या बायकांनी शिव्या दिल्याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. पडद्यावरचा सरपंच, पाटील त्यांच्या अंगाला असा चिकटला की राष्ट्र सेवा दलात वाढलेला हा माणूस समोर आला तरी बाया पदर सावरून बसत. आपण हे कौतुकाने सांगतो, दाद म्हणून. ती दाद आहेच. पण तिच्या आत एक छोटासा खटलाही चाललेला असतो.

आता जिथे मला तुम्हाला न्यायचं आहे तिथे येऊ. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह डोळ्यांसमोर आणा. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या भाव्यांचं नाव या नव्या शहराने आपल्या नाट्यगृहाला दिलं, ही सिडकोच्या चौकोनी आखणीतली मला विशेष आवडणारी गोष्ट. मधल्या रांगेत बसा. पडदा उघडतो आणि एका गावातला रिकामा हॉल दिसतो. दाराच्या कडीत एका बाईचं बोट चेमटतं आणि ते तोंडात धरून ती हसत हसत आत येते. शिक्षिका आहे, हौशी नटी आहे. लीला बेणारे.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ने केलं. अरविंद देशपांड्यांचं दिग्दर्शन, सुलभा देशपांडे बेणारेबाई. मराठीत नटीवर खुनाचा आरोप ठेवणारी याहून मोठी कथा मला माहीत नाही, आणि तिच्यात खून झालेलाच नाही.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तरी सावकाश चला. मुंबईची एक हौशी मंडळी रात्री अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला गावात आली आहे. आरोपी ठरलेला आहे: अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन, आरोप अण्वस्त्रांचा. दुपार रिकामी आहे. गावातला सामंत नावाचा साधा माणूस मदतीला आहे. त्याने कोर्ट कधी पाहिलेलं नाही, आणि रात्री न येणाऱ्या एका नटाच्या जागी त्यालाच साक्षीदार म्हणून उभं राहायचं आहे. त्याला कळावं म्हणून एक लुटुपुटूचा खटला चालवू, असं ठरतं. बेणारेबाई तोंड धुवायला आत गेलेल्या असतात. त्या बाहेर येतात तर आरोपी त्याच. कलम ३०२. भ्रूणहत्या.

३०२ हे खुनाचं कलम. आता भारतीय न्याय संहितेत ते १०३ झालं आहे. त्या काळात गर्भपातासाठी दंडसंहितेत ३१२पासूनची कलमं वेगळी होती. बेणारेबाईंना लावलेलं कलम कायद्याच्या पुस्तकात बसणारं नाही, आणि मंडळींत वकील म्हणवणारा सुखात्मे असूनही कुणी हरकत घेत नाही. कारण खेळ आहे ना? बेणारेबाईही हसतात.

हे हसणं नीट ऐका. आपल्यावरचा आरोप गमतीचा आहे असं समजून हसणाऱ्या माणसाचं हे हसणं आहे. ती नटी आहे, भूमिका मिळाली की करायची, ही तिची सवय. आरोपीच्या पिंजऱ्यात ती याच सवयीने जाते. भूमिका कुठे संपली आणि चौकशी कुठून सुरू झाली, हे तिला कळायला उशीर होतो. प्रेक्षकालाही होतो. न्यायाधीश झालेले काशीकर कानकोरण्याने कान कोरत बसलेले आहेत. बचावाचा वकील आलेला नाही, तो प्रोफेसर दामले. म्हणून सुखात्मेच बचावही करतो. फिर्यादी पक्षाकडून छाती काढून बोलायचं, मग दुसऱ्या जागेवर जाऊन खांदे पाडून बसायचं आणि जवळपास काहीच बोलायचं नाही. तेंडुलकरांनी एका माणसाच्या पाठीच्या कण्याने बचावाची किंमत दाखवली आहे.

आणि मग सामंत साक्षीला उभा राहतो.

या प्रसंगापाशी मी तुम्हाला बराच वेळ बसवणार आहे. सामंतापाशी साक्ष द्यायला काहीच नाही. बेणारेबाईंना त्याने आजच पाहिलं. पण त्याच्या हातात एक कादंबरी आहे, वेळ घालवायला आणलेली. साक्ष द्यायचीच आहे तर तो तिच्यातून देतो: बंद खोली, आतून येणारे आवाज, गरोदर स्त्री, तिला झिडकारणारा पुरुष. तो प्रामाणिकपणे सांगतोही, की हे मी पुस्तकातलं सांगितलं. काही उपयोग होत नाही. खोलीतल्या सगळ्यांना जे ऐकायचं होतं ते एकदा कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडलेलं असतं. ते कागदावरून आलं की कानावरून, याने आता फरक पडत नाही.

खोलीतल्या बाकीच्यांकडे द्वेष आहे, मत्सर आहे, थकलेल्या संसारांची चीड आहे. सामंताकडे यांतलं काहीच नाही. तो सगळ्यांत चांगला माणूस आहे. शेवटी जमिनीवर पडलेल्या बेणारेबाईंजवळ पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट ठेवणारा तोच. आणि खटल्याला पहिली खरी धार त्याच्याच साक्षीने येते. सामंत म्हणजे आपण. लोकलमध्ये पुस्तक घेऊन बसलेले, कुणाचं वाईट न चिंतणारे, गोष्ट पुरी व्हावी एवढंच मागणारे वाचक.

याच्याही पुढे एक पायरी आहे, आणि ती उतरायला जड जाते. सामंताने कादंबरीतून उचललेली गोष्ट बेणारेबाईंच्या आयुष्याशी जुळते. त्या गरोदर आहेत. दामल्यांनी हात झटकले आहेत. म्हणजे अंदाज बरोबर निघाला! इथे मन लगेच निवांत होतं: बघा, धूर होता तिथे आग होतीच. त्या निवांतपणाला जरा धरून ठेवा. सामंताला काही ठाऊक नव्हतं, तो पुस्तकातलं बोलला. त्याचा नेम बसला म्हणून त्याने पाहिलं असं होतं का? आणि जे बरोबर निघालं त्यात गुन्हा कुठे होता? एक बाई गरोदर आहे, एवढंच निघालं. आरोप होता हत्येचा. ज्या गर्भाच्या हत्येचा आरोप, तो जिवंत आहे. तरी आपल्याला वाटतं, संशय खरा ठरला. काहीतरी लपवलेलं सापडलं की ज्याचा संशय होता तेच लपवलेलं होतं असं आपण मानून टाकतो.

बेणारेबाई निघून जायला दाराकडे धावतात तर कडी बाहेरून अडकलेली. सुरुवातीला बोट चेमटलं ती हीच. प्रश्नांना त्या उत्तर देत नाहीत, आणि ते न बोलणंच त्यांच्या विरोधात जातं. आपल्या घटनेच्या विसाव्या अनुच्छेदात आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही असं १९५०पासून लिहिलेलं आहे. खऱ्या कोर्टात गप्प राहण्याचा हक्क असतो. खोट्या कोर्टात नसतो. तिथे गप्प बसलं तर कबुली, बोललं तर अभिनय.

बचावासाठी त्यांना दहा सेकंद मिळतात. मराठी रंगभूमीवरचं एक लांबलचक, गाजलेलं स्वगत त्या दहा सेकंदांत आहे. ते चालू असताना बाकी सगळे थिजलेले असतात, म्हणजे ऐकलं ते फक्त आपण प्रेक्षकांनी. मग निकाल येतो. भ्रूणहत्येच्या आरोपीला शिक्षा काय? गर्भ नष्ट करावा. गर्भपाताला मर्यादित परवानगी देणारा कायदा आला १९७१मध्ये, नाटकानंतर चार वर्षांनी. काशीकरांच्या कोर्टाला त्याची गरज नव्हती.

लगेच पुढे जाऊ नका. वाशीच्या त्या खुर्चीत बसून स्वतःला विचारा: पहिल्या अंकात आपण हसलो होतो का? मी हसलो होतो. नाटकच तसं बांधलेलं आहे, आणि ते हसू तेंडुलकर शेवटी परत मागतात.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर २०२०चा उन्हाळा-पावसाळा फार लांब नाही. घरात कोंडलेला देश दूरचित्रवाणीसमोर बसला होता. अभिनेता सुशांतसिंह राजपूत वारला होता आणि अभिनेत्री रिया चक्रवर्ती हिच्यावर गुन्हा नोंदवला गेला तो आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा. वाहिन्यांवर मात्र शब्द होता खून. तिने हात जोडून एक चित्रफीत काढली तर तिच्या साध्या पांढऱ्या पोशाखावर चर्चा झाली: हाही वेषच, भूमिकेला साजेसा. म्हणजे पुन्हा तेच पान, जिथे नट रडतो. सप्टेंबरमध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला अटक झाली, चार आठवडे ती भायखळ्याच्या तुरुंगात होती. ऑक्टोबरमध्ये एम्सच्या डॉक्टरांच्या पथकाने खुनाची शक्यता फेटाळली. जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेल्या अशा खटल्यांवर कडक ताशेरे ओढले. मार्च २०२५मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. मधल्या पावणेपाच वर्षांत जे बोललं गेलं होतं, त्यातलं किती पाहिलेलं होतं आणि किती सामंतांच्या कादंबरीतलं?

नट नसलेल्या माणसालाही कोर्टात वेष असतोच, हेही जाता जाता बघा. १९५९मध्ये कमांडर नानावटी खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीपुढे नौदलाच्या पांढऱ्या शुभ्र गणवेशात, पदकं लावून उभे राहत. गोळ्या त्यांनी झाडल्या होत्या. तरी ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष असल्याचा कौल दिला, जो पुढे उच्च न्यायालयाने उलटवला. त्यांच्या त्या गणवेशाला कुणी ‘नाटक’ म्हटलं नाही. दोन्ही वेळा पांढरेच कपडे. कोणाच्या अंगावर आहेत यावर त्यांचा अर्थ ठरला.

आता आपल्या शहरात या. नवी मुंबईत जवळपास प्रत्येक जण कुठून तरी आलेला: गिरगाव सोडून, सातारा सोडून, कोल्हापूर सोडून. पत्त्यात गाव नाही, सेक्टर आहे. शेजाऱ्याची आजी कोण हे ठाऊक नसतं, फ्लॅट नंबर ठाऊक असतो. अशा ठिकाणी माणसाची माहिती कमी असते, म्हणून गोष्ट जास्त लागते. मालिकांत कामं करणारी एकटी मुलगी भाड्याने राहायला येते. शूटिंग संपवून रात्री दोनला परतते. वॉचमन फाटक उघडतो. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर एक साधा प्रश्न पडतो, अगदी सभ्य, शेवटी हात जोडलेले. त्याच्याखाली चार सामंत उभे राहतात. कुणी खोटं बोलत नाही. कुणी एक मालिका पाहिलेली असते, कुणी बातमी वाचलेली असते, कुणाच्या मेव्हण्याच्या इमारतीत असंच काहीसं झालेलं असतं. आणि काशीकर? ते ग्रुपचे अ‍ॅडमिन असतात. बेलापूरला खरं न्यायालय आहे. तिथे तारखा पडतात, साक्षी लांबतात, उलटतपासणी होते, सगळं कंटाळवाणं असतं. त्या कंटाळ्यातच आरोपीची सुरक्षितता आहे. आपल्या कोर्टाचा निकाल चहा होईपर्यंत लागतो.

रहस्यकादंबऱ्या वाचू नका असं मी मुळीच म्हणणार नाही, मीही वाचतो आणि पुढेही वाचणार. संशय घेण्याची हौस भागवायला कादंबरीइतकी निर्धोक जागा नाही, तिथे चुकीच्या माणसावर बोट ठेवलं तर फक्त शेवटच्या पानावर आपली फजिती होते. म्हणून पुढच्या प्रवासात एवढंच करा. पुस्तक निम्म्यावर आलं की मिटा आणि ज्याच्यावर संशय आहे त्याचं नाव मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहा. त्याच्यासमोर कारण लिहा. मग त्या कारणापुढे दोनपैकी एक शब्द लिहा: या कादंबरीत ‘दिसलं’, की दुसऱ्या कुठल्या कादंबरीतून ‘आठवलं’. दुसरा शब्द आला तर नाव खोडा आणि वाचन पुढे चालू ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर उत्तर टाइप करण्याआधी हेच करता आलं, तर तेही करा. आणि ‘शांतता!’चा प्रयोग वाशीला लागला, कुठल्या का हौशी संस्थेचा असेना, तर पुढच्या रांगेचं तिकीट काढा. सामंत हातातलं पुस्तक उघडतो तेव्हा त्याच्याकडे न बघता बेणारेबाईंच्या चेहऱ्याकडे बघा.